एका स्वल्पविरामाचा जुलूम

इंग्रजी वाक्याच्या आरंभीं कालवाचक शब्द किंवा शब्दसमूह आला म्हणजे त्यापुढें स्वल्पविराम दिलाच पाहिजे, न दिल्यास तें वाक्य अशुद्ध, अशी एक समजूत हल्लीं आपल्या सुशिक्षित वर्गांत नियमाच्या पदवीस पोंचली आहे. ‘इन १९४७ इंडिया बिकेम इंडिपेंडंट’ असें वाक्य मुलानें लिहिलें कीं शिक्षक तांबड्या शाईनें सालापुढें एक शेंपूट काढतो आणि अर्धा गुण कापतो. कचेरींतला वरिष्ठ अधिकारी हाताखालच्या माणसाचा मसुदा त्याच कारणासाठीं परत पाठवितो. अलीकडे तर संगणकावर लिहूं लागलें कीं यंत्रच त्या शब्दांखालीं रंगीत रेघ ओढून लेखकास त्याचा अपराध दाखवितें. आणि शिक्षक चुकेल, अधिकारी चुकेल, पण यंत्र कसें चुकेल, या भोळ्या श्रद्धेनें चांगला शिकलेला माणूसही ती रेघ दिसतांच निमूटपणें स्वल्पविराम देऊन मोकळा होतो.

आमचें म्हणणें असें आहे कीं, असा नियम इंग्रजी भाषेंत नाहीं. तो तिच्या व्याकरणांत नाहीं, तिच्या नामांकित मुद्रणालयांच्या शिरस्त्यांत नाहीं, आणि तो सरसकट पाळूं गेल्यास कांहीं ठिकाणीं शुद्ध वाक्य अशुद्ध होतें. हा स्वल्पविराम मुळींच देऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. जेथें त्यावांचून वाचकाचा पाय अडखळेल तेथें तो अवश्य द्यावा. जेथें अडखळणार नाहीं तेथें देणें न देणें लेखकाच्या कानावर सोंपवावें. आणि जेथें तो वाक्याचा सांधा मोडतो तेथें कदापि देऊं नये. एवढेंच काय तें आम्हांस सिद्ध करावयाचें आहे.

एवढ्याशा चिन्हासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, या चिन्हाचा दंड मराठी मुलास फार वेळां भरावा लागतो. इंग्रजी वाक्यांत कालवाचक शब्दांची बसण्याची सर्वसाधारण जागा शेवटीं आहे. ‘ही केम यस्टरडे’, ‘वुई शॅल मीट ऑन मंडे’ ही त्या भाषेची सहज रीत. तेथून उचलून ते शब्द आरंभीं आणले म्हणजे इंग्रजास कांहींतरी हलविल्यासारखें वाटतें, आणि त्या हालचालीची खूण म्हणून तो कधीं कधीं स्वल्पविराम देतो. मराठींत गोष्ट उलट आहे. ‘काल बाबा पुण्याहून आले’, ‘दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही निघालों’, ‘पुढल्या महिन्यांत तिचें लग्न आहे’. आधीं काळ सांगावा आणि मग हकीकत सांगावी, ही आपल्या वाक्याची जन्मजात ठेवण. त्यामुळें मराठी घरांतलें मूल इंग्रजी लिहूं लागलें म्हणजे त्याच्या वाक्यांत कालवाचक शब्द आपोआप पुढें येतात. इंग्रजींतही ती रचना सर्वथा शुद्ध आहे. परंतु दर दुसऱ्या वाक्यास तांबडी शाई पडूं लागली म्हणजे मूल काय करतें? एक तर तें काळ सांगणेंच टाळतें, किंवा वाक्यें तोडून तोडून लिहितें, किंवा ‘नाउ’ आणि ‘देन’ यांच्याही पुढें डोळे मिटून शेंपट्या काढीत सुटतें. परक्या भाषेची भीति बसते ती अशाच बारीकसारीक दंडांनीं. मोठी चूक दाखविली तर ती मुलाला पटते आणि तें ती सुधारतें. पण जी चूकच नव्हे ती चूक म्हणून दाखविली तर तें फक्त दबतें.

प्रतिपक्षाचें म्हणणें चार प्रकारचें असतें, आणि तें पूर्ण जोरानिशीं मांडणें हें आमचें कर्तव्य आहे. पहिलें, हा प्रमाण ग्रंथांनीं घालून दिलेला नियम आहे. दुसरें, स्वल्पविरामानें अर्थ स्पष्ट होतो, आणि स्पष्टता जितकी अधिक तितकी बरी. तिसरें, एका स्वल्पविरामावरून न्यायालयांत मोठमोठे निकाल फिरले आहेत, माणूस फांसावर गेला आहे. तेव्हां या चिन्हाविषयीं ढिलाई कशी चालेल? आणि चौथें, लेखकाच्या कानावर सोंपविणें प्रौढांस शोभतें. मुलांस ठाम नियमच पाहिजे. यांचा अनुक्रमें विचार करूं.

प्रथम प्रमाण ग्रंथ. ज्या चिन्हास आपण स्वल्पविराम म्हणतों त्याचें इंग्रजी नांव मूळचें ग्रीक असून त्याचा अर्थ ‘तोडलेला तुकडा’ असा आहे. ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथील ग्रंथालयाचा अधिपति बायझँटियमचा ॲरिस्टोफेनीस यानें ओळींत निरनिराळ्या उंचीवर ठिपके देण्याची युक्ति काढली, ती मोठ्यानें वाचणाऱ्यानें कोठें किती थांबावें हें कळावें म्हणून. आजचें वांकड्या शेंपटीचें चिन्ह पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस शहरीं आल्दुस मानुतियुस या मुद्रकाच्या छापखान्यांत रुळलें. इंग्लंडांत बेन जॉन्सन या नाटककाराचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतही या चिन्हाचें वर्णन श्वासाच्या भाषेंत केलेलें आहे. पुढें १७९५ सालीं लिंडली मरे याचें इंग्रजी व्याकरण निघालें, आणि इंग्लंड-अमेरिकेंतल्या मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. मरेच्या हिशेबानें स्वल्पविराम ही सर्वांत आंखूड विश्रांति, अर्धविराम तिच्या दुप्पट, अपूर्णविराम त्याच्याही दुप्पट आणि पूर्णविराम त्याच्याहून दुप्पट. हा हिशेब गवयाच्या मात्रांसारखा आहे, आणि मात्रा मोजावयाच्या त्या गाणाऱ्यानें.

ही सर्व वंशावळ सांगण्याचें कारण असें कीं, हें चिन्ह जन्मास आलें तें बोलणाऱ्याच्या सोईसाठीं. मनांतल्या मनांत वाचण्याची चाल जसजशी वाढली तसतसें त्याच्याकडे वाक्याचे घटक वेगळे दाखविण्याचें दुसरें काम आलें. या दोन कामांची ओढाताण इंग्रजींत दोनतीन शतकें चालली. अठराव्या शतकांतील इंग्रजी पुस्तक उघडून पाहावें. आज जेथें कोणी श्वासही घेणार नाहीं तेथें, क्वचित् कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्येंही, स्वल्पविराम पेरलेले दिसतील. विसाव्या शतकाच्या आरंभीं याची उलट प्रतिक्रिया झाली. १९०६ सालीं फाउलर बंधूंनीं ‘द किंग्स इंग्लिश’ हा ग्रंथ काढला. त्यांत विरामचिन्हांवर स्वतंत्र प्रकरण असून चिन्हें कमी पडण्याच्या दोषाबरोबरच त्यांच्या अतिरेकाचीही त्यांनीं चांगली हजेरी घेतली आहे. म्हणजे ज्या काळीं खुद्द इंग्रज लेखक चिन्हांचें ओझें उतरवूं लागले होते त्याच्या मागचा काळ आपण अजून डोक्यावर वाहत आहों.

आतां मुद्रणालयांकडे वळूं. ऑक्सफर्ड येथील विद्यापीठाच्या छापखान्याचा व्यवस्थापक होरेस हार्ट यानें १८९३ सालीं आपल्या जुळाऱ्यांसाठीं नियमांची एक लहानशी पुस्तिका छापली. तीच पुढें वाढत वाढत आजच्या ‘न्यू हार्ट्स रूल्स’ या ग्रंथापर्यंत आली आहे. वाक्याच्या प्रारंभींचा शब्दसमूह लहान असून तो काळ किंवा स्थळ दाखवीत असेल तर त्यापुढें स्वल्पविराम आवश्यक नाहीं, असें त्या ग्रंथांत स्पष्ट सांगितलें आहे. आणि अशा वाक्याचा तेथील नमुना सालापासूनच सुरू होतो. अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याचे नियम प्रथम १९०६ सालीं निघाले आणि त्यांची अठरावी आवृत्ति २०२४ सालीं आली. अमेरिकन लोकांचा हात या बाबतींत ब्रिटिशांपेक्षां सैल. तरी त्या ग्रंथाचाही अभिप्राय असाच कीं, प्रारंभींचा शब्दसमूह लहान असेल आणि चुकीचें वाचलें जाण्याची भीति नसेल तर स्वल्पविराम ऐच्छिक आहे. समुद्राच्या दोन्ही तीरांवरचे धर्माधिकारी ज्यास ऐच्छिक म्हणतात, त्यास आमचे शाळाखात्यांतले पुरोहित नित्यकर्म म्हणतात. हें शास्त्र त्यांस कोठें सांपडलें?

आमच्या मतें या भ्रमाचें एक मूळ तारीख लिहिण्याच्या अमेरिकन पद्धतींत आहे. अमेरिकन माणूस आधीं महिना, मग दिवस आणि मग साल लिहितो: ‘ऑन जुलै ४, १७७६,’ असें. येथें दिवस आणि साल हे दोन आंकडे शेजारीं येतात म्हणून त्यांच्यामध्यें स्वल्पविराम, आणि सालाला दोन्ही बाजूंनीं कुंपण हवें म्हणून त्याच्या पुढेंही एक. ही दुसरी शेंपटी तारखेच्या रचनेची आहे. तारीख वाक्याच्या मध्यावर आली तरीही ती राहते. ब्रिटिश पद्धतीनें ‘ऑन ४ जुलै १७७६’ असें लिहिलें कीं दोन्ही शेंपट्यांचें कारण नाहींसें होतें. आपल्याकडे दिवस आधीं, महिना मागून, असें ब्रिटिश धर्तीवर लिहितात आणि स्वल्पविराम मात्र अमेरिकन धर्तीचा घालतात. एकाचें अंगरखें, दुसऱ्याचें पागोटें!

राहतां राहिलें यंत्र. त्याविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं, यंत्रास रेघ ओढावयास शिकविलें तें माणसांनींच. त्यांनीं दोन चालू रीतींपैकीं एक उचलली आणि ती यंत्राच्या गळीं उतरविली. ज्या गोष्टीविषयीं शिकागो आणि ऑक्सफर्ड लेखकास मोकळीक देतात, त्या गोष्टीविषयीं यंत्राची रेघ म्हणजे एक सूचना. तिला निवाडा समजणें हा यंत्राचा दोष नसून आपल्या आळसाचा आहे.

दुसरा मुद्दा स्पष्टतेचा. हा खरा वजनदार मुद्दा आहे, आणि त्यांतलें सत्य आम्ही आनंदानें मान्य करितों. ‘इन २०२० १४ स्टूडंट्स पास्ड’ असें लिहिलें तर दोन आंकडे एकमेकांवर आदळतात. तेथें स्वल्पविराम द्यावाच. ‘आफ्टर ईटिंग द टायगर स्लेप्ट’ या वाक्यांत वाचक क्षणभर वाघालाच ताटांत वाढतो आणि मग दचकून मागें येतो. तेथें ‘ईटिंग’पुढें स्वल्पविराम दिला कीं वाघ खाणाऱ्याच्या जागेवर बसतो. ‘सून आफ्टर द ओल्ड मॅन डाइड’ हें तर अधिकच बोलकें उदाहरण आहे. ‘आफ्टर’पुढें स्वल्पविराम असेल तर ‘त्यानंतर लवकरच म्हातारा वारला’ असें पुरें वाक्य होतें. नसेल तर ‘म्हातारा वारल्यावर लवकरच’ एवढा अर्धा तुकडा राहतो आणि वाचक पुढें काय झालें याची वाट पाहतो. तसेंच प्रारंभींचा भाग स्वतःच एका लांबलचक उपवाक्याएवढा असेल तर तो कोठें संपला हें दाखविण्यास चिन्ह उपयोगी पडतें. अशा ठिकाणीं स्वल्पविराम विसरणारा विद्यार्थी खरोखरच चुकतो, आणि त्याचा गुण कापला तर आमची तक्रार नाहीं.

परंतु या उदाहरणांवरून निष्पन्न काय होतें? हेंच कीं, स्वल्पविरामाचें कारण काळ हें नव्हे. दोन आंकड्यांची टक्कर, क्रियापदाला चुकीचें कर्म चिकटणें, एका शब्दाच्या दोन जाति, अंतराची लांबी, हीं त्याचीं कारणें आहेत. हीं कारणें स्थळवाचक शब्दापुढें असूं शकतात, रीतिवाचक शब्दापुढें असूं शकतात, आणि कालवाचक शब्दापुढें पुष्कळदां नसतात. ‘यस्टरडे ही केम’ या तीन शब्दांत कोणता वाचक कोठें हरवणार? जेथें हरवण्यास जागा नाहीं तेथें खांब रोवून दिशा दाखविणें म्हणजे अंगणांत मैलाचा दगड उभारण्यासारखें आहे.

‘असला तर असूं द्या, त्यानें नुकसान तर नाहीं?’ असें कोणी म्हणेल. नुकसान आहे. इंग्रजींत कालवाचक शब्द पुढें येतांच कित्येकदां क्रियापदही कर्त्याच्या पुढें उडी घेतें. ‘ऑन मंडे केम द न्यूज’ या वाक्यांत ‘मंडे’पुढें स्वल्पविराम घातला तर त्या उडीचा झोंकच तुटतो. ‘ओन्ली इन द ईव्हनिंग डिड ही स्पीक’ या वाक्यांत आरंभींचा ‘ओन्ली’ आणि पुढचा ‘डिड’ यांची गांठ पक्की आहे; त्यांच्यामध्यें स्वल्पविराम म्हणजे सरळ सरळ चूक. नियम म्हणून हें चिन्ह घोकलेला विद्यार्थी नेमका येथें तें घालतो, आणि ज्यानें त्यास नियम शिकविला तोच त्याला शाबासकी देतो! याहून सूक्ष्म नुकसान लयीचें. एका परिच्छेदांत आठ वाक्यें काळापासून सुरू झालीं आणि आठांनाही दोनचार शब्दांवर ठेंच लागली, तर तो परिच्छेद खाचखळग्यांतून जाणाऱ्या छकड्यासारखा वाचावा लागतो. शिवाय जें चिन्ह सर्वत्र पडतें त्याला ऐन वेळीं कोणी विचारीत नाहीं. वाघाच्या वाक्यांतील स्वल्पविराम वाचकाला सावध करतो तो इतरत्र संयम पाळला असेल तरच.

तिसरा मुद्दा न्यायालयांचा. रॉजर केसमंट याची गोष्ट या वादांत हटकून निघते. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठीं जर्मनीचें साहाय्य मिळवूं पाहणाऱ्या या गृहस्थावर १९१६ सालीं लंडनमध्यें राजद्रोहाचा खटला झाला. १३५१ सालचा नॉर्मन फ्रेंच भाषेंतील कायदा राज्याबाहेर केलेल्या कृत्यास लागू पडतो कीं नाहीं, हें वाक्याचे तुकडे कसे पाडावे यावर अवलंबून होतें, आणि त्यासाठीं जुन्या दप्तरांतील मूळ चर्मपत्रावरच्या खुणा तपासण्यांत आल्या. निकाल विरुद्ध गेला आणि त्याच वर्षाच्या ३ ऑगस्ट रोजीं त्यास फांशीं देण्यांत आलें. ‘स्वल्पविरामावर टांगला’ अशी त्याची आख्यायिका झाली आहे ती त्यामुळें. अलीकडचें उदाहरण अमेरिकेंतील मेन राज्याचें. जादा कामाचें वेतन कोणकोणत्या कामांस देऊं नये याची यादी तेथील कायद्यांत होती. यादीच्या शेवटीं ‘किंवा’च्या आधीं स्वल्पविराम नव्हता म्हणून शेवटलें काम एक कीं दोन असा संशय राहिला. ओकहर्स्ट या दुग्धालयाच्या गाडीवानांनीं त्या संशयावर दाद मागितली. २०१७ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्यांच्या बाजूनें कौल दिला, आणि २०१८ सालीं हें प्रकरण ५० लक्ष डॉलरांवर मिटलें.

हीं दोन्ही उदाहरणें खरीं आहेत, आणि दोन्ही आमच्याच बाजूचीं आहेत. चर्मपत्रावरील खुणेनें अर्थ बदलत होता म्हणून न्यायाधीशांनीं ती पाहिली. यादींतील उणीव अर्थ दुभंगवीत होती म्हणून गाडीवान जिंकले. ‘इन १९४७’ यापुढें स्वल्पविराम असो वा नसो, भारत त्याच वर्षीं स्वतंत्र होतो. कोणताही वकील, कितीही फी दिली तरी, त्या शेंपटीवरून स्वातंत्र्य एक दिवस पुढें ढकलूं शकणार नाहीं. जेथें अर्थ पालटतो तेथल्या दक्षतेचा मोठेपणा, जेथें अर्थ तिळभर हालत नाहीं तेथल्या कर्मठपणास चिकटवावयाचा, ही वादाची रीत सरळ नव्हे.

चौथा आक्षेप मुलांविषयींचा, आणि तोच आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलांस ठाम नियम पाहिजे हें खरें. पण तो खरा असला पाहिजे, हें त्याहून खरें. शिवाय आम्ही नियम काढून घेऊन त्यांच्या हातीं वारा देत नाहीं. त्यांना एक प्रश्न विचारावयास शिकवावें: ‘हें चिन्ह नसेल तर वाचणारा पुढचा शब्द चुकून मागच्याशीं जोडील काय?’ जोडील, तर चिन्ह द्यावें. आणि त्यास एक परीक्षा शिकवावी: वाक्य मोठ्यानें वाचून पाहावें, जेथें आवाज आपण होऊन टेंकतो तेथें चिन्ह शोभतें. हा प्रश्न आणि ही परीक्षा दहा वर्षांच्या मुलास समजते. एवढेंच नव्हे, तर ती वापरतां वापरतां तें आपलें वाक्य वाचकाच्या डोळ्यांनीं पाहावयास शिकतें, आणि लेखनकलेचें बीज तेंच आहे. उलट ‘काळ आला कीं शेंपूट’ हें सूत्र पाठ केलेल्या मुलाला आपल्या वाक्यांत काय चाललें आहे हें पाहण्याची गरजच उरत नाहीं.

येथें आईबापांसही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्या घरांतून इंग्रजीचें शिक्षण म्हणजे पोटाचा प्रश्न होऊन बसला आहे, आणि म्हणून वहींतला प्रत्येक तांबडा डाग आपणांस मुलाच्या भवितव्यावरचा डाग वाटतो. पण जो मुलगा किंवा जी मुलगी भीत भीत शुद्ध इंग्रजीचीं चार वाक्यें लिहिते तिच्यापेक्षां, मनांतली गोष्ट न अडखळतां सांगणारी आणि क्वचित् एखादें चिन्ह विसरणारी मुलगी त्या भाषेच्या अधिक जवळ आहे. वही पाहतांना आधीं वाक्य पाहावें, मग शेंपटी.

आतां शेवटचा आणि आमच्या मनाला विशेष लागलेला भाग. इंग्रजींतला हा स्वल्पविराम इंग्रजींतच राहिला असता तर एक वेळ सोसतां आलें असतें. पण भाषांतरांच्या आणि जाहिरातींच्या वाटेनें तो मराठींत शिरला आहे. ‘सन १९४७ मध्यें, भारत स्वतंत्र झाला’, ‘गेल्या वर्षीं, पाऊस कमी पडला’, ‘आज, आपण एका वळणावर उभे आहों’, असली वाक्यें रोज छापलीं जात आहेत. मराठी माणूस असें बोलतो काय? ‘आज’ म्हणून तो थबकतो काय?

मराठी लेखनांत विरामचिन्हें आलीं तीं इंग्रजीच्या संगतीनें, हें आम्ही नाकारीत नाहीं. मोडी लिहिणारे कारकून शब्दही तोडून लिहीत नसत, मग विरामांची गोष्ट कशाला! मेजर टॉमस कँडी यानें १८५० सालीं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली आणि तेव्हांपासून हीं चिन्हें आपल्याकडे स्थिरावलीं. त्यांचा उपकार मोठा आहे. परंतु चिन्ह उसनें घेतलें म्हणून त्याचें कारणही उसनें घेतां येत नाहीं. इंग्रजींत ‘इन’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’ हे शब्द समूहाच्या तोंडाशीं बसतात. समूह कोठें संपला हें सांगणारें त्याच्या शेंवटीं कोणीच नसतें, म्हणून कधीं कधीं तेथें स्वल्पविरामास पहाऱ्यावर उभें करावें लागतें. मराठींत पहारेकरी भाषेनेंच नेमला आहे, आणि तो दाराशींच, म्हणजे समूहाच्या शेवटीं, उभा आहे. ‘सालीं’, ‘मध्यें’, ‘दिवशीं’, ‘झाल्यावर’, ‘असतांना’, ‘येण्यापूर्वीं’; प्रत्ययाचा किंवा अव्ययाचा हा शेवटला ठोका पडला कीं समूह संपला हें वाचकास कळतेंच. ‘२०२० सालीं १४ विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ या वाक्यांत आंकडे आदळत नाहींत. ‘जेवण झाल्यावर वाघ झोंपला’ या वाक्यांत वाघ कोणाच्या ताटांत जात नाहीं. पहारेकरी असतांना त्याच्याच पुढ्यांत दुसरा भाडोत्री पहारेकरी कशास हवा? आणि काळ पुढें ठेवणें ही आपल्या वाक्याची घरचीच रीत असल्यामुळें, कांहीं हलविल्याची खूण करण्याचेंही आपणांस कारण नाहीं.

तेव्हां आमची मागणी थोडक्यांत अशी. शिक्षकांनीं या एका स्वल्पविरामाच्या अभावासाठीं गुण कापणें बंद करावें, आणि परीक्षा घेणाऱ्या मंडळींनीं दोन्ही रूपें शुद्ध असल्याचें परीक्षकांस लेखी कळवावें. मात्र जेथें अर्थ अडखळतो तेथें विद्यार्थ्यास कारण दाखवून गुण कापण्यास मुळींच कचरूं नये. यंत्रावर लिहिणारांनीं रेघ दिसली कीं वाक्य पुन्हां एकदां वाचावें, आणि मग आपल्या बुद्धीस पटेल तें करावें. मराठी वर्तमानपत्रें, पुस्तकें आणि जाहिराती यांचे संपादक व मुद्रितशोधक यांनीं ‘आज’, ‘काल’, ‘त्या वर्षीं’ यांच्यापुढें उगवलेली ही परदेशी शेंपटी दिसेल तेथें छाटावी. इंग्रजांनीं आपली भाषा शिकविली तेव्हां तिच्याबरोबर तिची मोकळीकही दिली होती. ती मोकळीक वापरावयाचें आपण विसरलों आहों, आणि मुलांनाही विसरावयास लावीत आहों. हें आतां थांबलें पाहिजे.